लाइव्हवरच्या कंडक्टरबाई

सुंदराबाई ओव्हाळ निवृत्त झाल्या तेव्हा डेपोने त्यांना एक शाल दिली आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. सव्वीस वर्षं जिने घड्याळाच्या काट्यावर गाडी सोडली त्या बाईला पुन्हा घड्याळच द्यायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचा सत्कार वेगळा करायला हवा होता. पण सुंदराबाईंनी ते हसून घेतलं, आणि चार शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी आपली ठरलेली गोष्ट सांगितली.

ती गोष्ट डेपोत सगळ्यांना पाठ होती. मार्केट यार्डाहून वाघोलीला जाणारी गाडी, सकाळची गर्दी, पुढच्या दारापाशी उभी असलेली एक कॉलेजची मुलगी आणि तिच्या अंगावर रेलून उभा असलेला एक इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ. सुंदराबाई तिकिटं फाडत पुढे आल्या आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, धरायचा दांडा वर आहे. आणि तिकीट आपण एकाचंच काढलंय, जागा दोघांची कशी घेताय?" गाडी अशी हसली की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. तो गृहस्थसुद्धा ओशाळून हसला आणि मागे सरकला. गोष्ट इथे संपायची. निरोपाच्या दिवशीही टाळ्या पडल्या.

"आता आपला पब्लिकशी संबंध संपला," असं त्या घरी येताना रिक्षात म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. नवरा बाबुराव डेपोच्या वर्कशॉपला होते. ते गेले तेव्हा मुलगा प्रज्ञेश सहा वर्षांचा होता आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर सुंदराबाईंना गाडीवर घेतलं. तेव्हापासून कोपरं, खांदे, मुद्दाम हाताला हात लावून दिलेले सुट्टे पैसे आणि 'मॅडम, तुमची सीट कुठली' असले विनोद. गुडघे गेले होते ते वेगळंच. थकलेल्या बाईला निवृत्ती हवी होती, दुसरं काही नको होतं.

वाघोलीच्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आता तीन माणसं. प्रज्ञेश रांजणगावच्या कंपनीत, बहुतेक दुसऱ्या पाळीला. सून आम्रपाली सकाळी सातपासून चंदननगरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, तीनला घरी यायची, जेवायची आणि चारला आपल्या टेबलाशी बसायची. कानावर हेडफोन, समोर मोठा स्क्रीन, वर छोटा कॅमेरा. ती खेळ खेळायची आणि तो खेळताना लोक तिला बघायचे. बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं, असा तो खेळ. सुंदराबाईंना त्यातलं एवढंच कळायचं की सुनेचे हात तेव्हा अजिबात थरथरत नाहीत. लहान मुलाची शीर एका टोचणीत शोधून काढणारे हात ते; इथेही तसेच चालायचे.

एका दुपारी त्या चहा घेऊन आत गेल्या तर स्क्रीनच्या उजव्या बाजूला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला दिसला.

"हे काय झाकलंयस?"

"चॅट आहे आई. बघणारे लिहितात तिथे. मी बघत नाही."

सुंदराबाईंनी चष्मा चढवला आणि पुठ्ठा उचलून पाहिला. ओळी खालून वर सरकत होत्या. *ताई स्वयंपाक झाला का. मागून भाऊ खेळतोय वाटतं. गेम नवऱ्याकडे दे पोरींना नाही जमत. हसून दाखव ना. ओढणी कुठाय. नंबर.* आणि त्यांच्या मधूनच एखादी अशी ओळ, जी सव्वीस वर्षांत त्यांनी शेवटच्या गाडीच्या दारुड्याकडूनही ऐकली नव्हती.

"ही माणसं तिकीट काढून येतात?"

"फुकट असतं आई."

"तरीच."

आम्रपाली एवढंच म्हणाली की आधी तिची एक मैत्रीण हे सगळं पुसून टाकायची, पण ती दोन महिन्यांत कंटाळली. पुठ्ठा लावल्यावर घाण दिसत नाही. पण दोन-चार माणसं खरंच खेळाबद्दल विचारतात, तीही दिसत नाहीत, आणि उत्तर नाही मिळालं की ती निघून जातात. मग घाण तेवढी उरते. हे सांगताना तिचा आवाज, पेशंटला 'उपाशी पोटी या' सांगताना असतो तसा सपाट होता.

सुंदराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मला शिकव," त्या म्हणाल्या. पब्लिकशी संबंध संपल्याला तेव्हा पाच महिने झाले होते.

प्रज्ञेशने आपला जुना टॅब त्यांना दिला, अक्षरं मोठी करून दिली, कुठे बोट दाबलं की माणूस बाहेर जातो ते दाखवलं. हे काम करणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात हेही सांगितलं. सुंदराबाईंनी मान हलवली आणि आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. पद्धत अशी, की कारण सांगितल्याशिवाय कुठल्याही प्रवाशाला खाली उतरवायचं नाही. कारण न सांगता उतरवलं तर तक्रार येते, मग जबाब द्यावा लागतो. हे हाडात मुरलेलं. म्हणून त्या प्रत्येकाला आधी एक वाक्य लिहायच्या, अहो-जाहोच्या शब्दांत, पूर्णविरामासकट. *आपली भाषा प्रवासास योग्य नाही. खाली उतरावे.* आणि मग बोट.

"आई, नुसतं ब्लॉक करायचं असतं. लिहायची गरज नाही."

"त्याला कळायला नको का कशासाठी उतरवला ते?"

आम्रपाली हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, म्हणून सुंदराबाईंनी पद्धत बदलली नाही.

पंधरा दिवसांनी कुणीतरी लिहिलं, *सासूला माहितेय का तुझी ही थेरं.* सुंदराबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले आणि टाइप केलं. *सासूच वाचते आहे. बोला, काय काम होते?*

त्या एका ओळीचा फोटो कुठल्या कुठे गेला. दोन दिवसांत तो भाजीवाल्याच्या फोनमध्ये होता. आम्रपालीला बघायला ऐंशी-नव्वद माणसं असायची, ती हजार झाली, मग दोन हजार. लोक सुंदराबाईंना कंडक्टर काकू म्हणायला लागले. *स्वयंपाक झाला का* विचारणाऱ्याला त्यांनी लिहिलं, *झाला. आपल्यासाठी केलेला नाही. पुढील स्टॉपला उतरावे.* नंबर मागणाऱ्याला डेपोच्या तक्रार कक्षाचा नंबर दिला. जुनी मैत्रीण बायडाबाई, तीही कंडक्टरच, हडपसरहून फोन करून म्हणाली, "अगं बये, तू तर रिटायर झाल्यावर फेमस झालीस." शनिवार पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात एका मुलाने ओळखलं आणि सेल्फी काढला. खोटं कशाला बोला, सुंदराबाईंना ते आवडलं. सव्वीस वर्षं जी वाक्यं गाडीच्या घरघरीत विरून गेली, त्या वाक्यांना आता हजारो माणसं हसत होती. चार वाजायची त्या वाट बघू लागल्या. दुपारी भांडी घासताना उत्तरं सुचायला लागली.

आणि पब्लिकही हुशार. पब्लिक नेहमी हुशारच असतं, फक्त चांगल्या कामाला नसतं. आधी कुणी कुणी लिहायचे, *काकू मला पण उतरवा ना.* अशांना सुंदराबाई सोडून द्यायच्या, कारण नियमात काही बसत नव्हतं. मग लोकांना कळलं की साधं लिहिलं की काकूंचं उत्तर मिळत नाही, घाण लिहिलं की मिळतं. आणखी घाण लिहिलं की आणखी झणझणीत मिळतं, आणि त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवता येतो. झालं. काकूंचं एक वाक्य मिळवायचं तर आम्रपालीबद्दल काहीतरी लिहावं लागे, आणि ते कालच्यापेक्षा वरचढ असावं लागे. माणसं त्यासाठी येऊ लागली. नाव बदलून परत येऊ लागली. सुनेच्या अंगाबद्दल, आवाजाबद्दल, तिच्या नवऱ्याबद्दल, काहीही. सुंदराबाईंना वाटायचं गर्दी वाढली म्हणजे वाह्यातही वाढणारच, गाडीचा तो नियमच आहे. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, मान धरायची. पण बेल हातात असलेल्या माणसाला आपण दमलोय हे उशिरा कळतं.

एकदाच त्यांनी उत्तर दिलं नाही. आम्रपालीच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. एका माणसाने ती पाहिली आणि सून आणि तसबीर दोघांना एका वाक्यात बसवून जे लिहिलं ते इथे लिहायची गरज नाही. असल्या वाक्याला अक्कल लागत नाही, नुसती जात लागते. सुंदराबाईंनी काही न लिहिता त्याला काढून टाकलं आणि त्या पाणी प्यायल्या. प्रज्ञेश म्हणाला, टेबल फिरवून घेऊ, मागे साधी भिंत येईल. आम्रपाली म्हणाली, "टेबल इथेच राहील." तो माणूस नाव बदलूनही पुन्हा दिसला नाही. त्याला घेऊन जायला काही मिळालंच नव्हतं. पण हे तेव्हा सुंदराबाईंच्या ध्यानात आलं नाही.

त्याच सुमारास आम्रपालीला बाणेरच्या एका टीमचा निरोप आला. खेळणाऱ्यांची टीम, पाच जणांची, स्पर्धांना जाणारी. पाचवी जागा रिकामी होती. टीमचा मॅनेजर योगेश नावाचा तरुण, त्याने सांगितलं की शनिवारी तुमचे चार डाव लाइव्ह बघतो, मग ठरवू. आम्रपाली त्या दिवसापासून वहीत बेटाचे नकाशे काढू लागली, लॅबमधल्या लाल-निळ्या पेनांनी. कुठे उतरायचं, कुठल्या बाजूने चढायचं. जेवताना ती वही ताटाशेजारी असायची. दोन वर्षं ती याच एका गोष्टीसाठी ओढणी कुठाय, ओढणी कुठाय सोसत बसली होती, की कुणीतरी जाणतं माणूस तिचा खेळ बघेल आणि म्हणेल, हिला घ्या.

शनिवारी एकतीसशे माणसं होती. सुंदराबाईंनी टॅब चार्ज करून ठेवला होता, गुडघ्याखाली उशी घेतली होती. आज सुनेचं काम आहे, आज घाण एक क्षणही टिकू द्यायची नाही, या जिद्दीने त्या बसल्या आणि त्या दिवशी त्यांना सुचतही होतं विलक्षण. पहिल्या तीन डावांत अडतीस जण उतरवले. चौथ्या डावात आम्रपालीचे खेळातले तिन्ही साथीदार मेले आणि समोर चार जण शिल्लक राहिले. ती एकटी. खोलीत नुसता तिच्या बोटांचा आवाज. तेवढ्यात चॅटमध्ये एकाने तिच्या पाळीच्या दिवसांवरून काहीतरी लिहिलं आणि सुंदराबाईंनी त्याला असं काही उत्तर दिलं की पुढची दोन मिनिटं चॅटमध्ये हसण्याशिवाय काही दिसेना.

त्या दोन मिनिटांत आम्रपालीने चौघांना मारून डाव जिंकला.

तिने हेडफोन काढला, मोठा श्वास घेतला आणि पुठ्ठा बाजूला करून चॅटकडे पाहिलं. हसणारे चेहरे वर सरकत होते. *काकू रॉक्स. काकू एक नंबर. परत एकदा काकू.* तिच्या डावाबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने पुठ्ठा परत लावला.

सहा वाजता योगेशचा फोन आला. आम्रपालीने स्पीकर लावला, कारण सासूबाईंनीही ऐकावं असं तिला वाटत होतं.

"मॅडम, काय भारी झालं आज! आम्ही सगळे ऑफिसमध्ये लोळत होतो हसून. आपलं ठरलं. तुम्हाला आम्ही घेतोय. सासू-सून, दर शनिवारी, आमच्या चॅनेलवर. फुल कंटेंट आहे हो हा."

"आणि टीममध्ये?"

"टीम म्हणजे, तुम्ही आमच्याच झालात ना. खेळायला पोरं आहेत."

"शेवटचा डाव पाहिलात?"

"शेवटचा... अहो तेव्हाच तर काकूंनी त्याला धुतला ना! तेच वाचत होतो सगळे."

"मी विचार करून सांगते," आम्रपाली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सुंदराबाईंचं डोकं तापलं होतं. "मूर्ख आहे तो. नंबर दे त्याचा, मी बोलते. त्याला असं सांगते की..."

"नको आई." आम्रपाली हेडफोनची वायर गुंडाळत होती. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही बोलता तेव्हा सगळे हसतात. ज्याला बोलता तोही हसतो. मी तिथेच समोर बसलेली असते ना." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला घेतली.

सुंदराबाई बाल्कनीत जाऊन बसल्या. खाली नगर रोडला गाड्या तुंबल्या होत्या. त्यांना ती ठरलेली गोष्ट आठवली. निरोपाच्या दिवशी सांगितलेली, इतक्या वेळा सांगितलेली की त्यातली माणसं झिजून गेली होती. तो गृहस्थ हसून मागे सरकला, हे खरं. गाडी हसली, हे खरं. पण त्यानंतर रामवाडीचा स्टॉप आला होता आणि ती मुलगी खाली मान घालून, बॅग छातीशी धरून तिथे उतरली होती. तिचं तिकीट वाघोलीचं होतं. ते सुंदराबाईंनीच फाडून दिलं होतं, कंडक्टरला असल्या गोष्टी दिसतात. रामवाडीला कॉलेज नव्हतं. तिथे तिचं काहीच काम नव्हतं. तिला फक्त त्या हसणाऱ्या गाडीतून बाहेर पडायचं होतं. तो गृहस्थ मात्र तिच्या रिकाम्या झालेल्या जागी दांडा धरून आरामात खराडीपर्यंत गेला. आणि सुंदराबाईंनी गाडी सोडायला दोनदा बेल मारली होती. इतकी वर्षं त्यांनी गोष्ट एक स्टॉप आधीच संपवली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, भर संध्याकाळी, तोंडावर कुणी थुंकावं तशी.

सोमवारी चार वाजता त्या टॅब घेऊन बसल्या. पहिली घाण आली. उत्तर तयार होतं, चांगलं होतं, बोटांशी येऊन थांबलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि माणूस काढून टाकला. दुसरा आला, तोही तसाच गेला. *काकू कुठायत? काकू झोपल्या का? काकू बोला ना.* पाव तासाने तेच लोक काकूंना शिव्या द्यायला लागले. सुंदराबाई त्यांनाही काढत गेल्या. एका शब्दाविना माणसं उतरवणं हे बोलण्यापेक्षा कितीतरी जड काम होतं. बोलल्यावर निदान आपलं मन मोकळं व्हायचं.

मंगळवारी नऊशे. बुधवारी तीनशे. "आई, सगळे पळाले ना," प्रज्ञेश कामावर निघताना म्हणाला. "पळू दे," सुंदराबाई म्हणाल्या. गुरुवारी योगेशचा फोन आला, काकू परत कधी सुरू करताहेत विचारायला. करत नाहीत, असं आम्रपालीने सांगितल्यावर तो म्हणाला, मग आपलं काही जमेलसं वाटत नाही. पाचवी जागा एका मुलाला मिळाली. आम्रपाली त्या रात्रीचं जेवण नेहमीइतकंच जेवली, पण वही ताटाशेजारी नव्हती. सुंदराबाईंना बोलून बरं करायची सवय होती. आता ते हत्यार खाली ठेवल्यावर हातात काहीच उरलं नव्हतं.

शुक्रवारी बघणारे एकसष्ट होते. आम्रपाली तरीही चारला बसली. का बसली, हे सुंदराबाईंनी विचारलं नाही. पुठ्ठा जागेवर होता. साडेचारच्या सुमारास एक ओळ वर आली. सवयीने बोट उचललं गेलं होतं. त्यांनी ते थांबवलं आणि ओळ दोनदा वाचली. त्यातलं त्यांना काही कळलं नाही, म्हणून तिच्यात काही वाईट असेल असंही वाटेना.

"आम्रपाली," त्या म्हणाल्या, "अगं, कुणी तरी लिहितंय. वाचू का?"

"वाचा."

"'मागच्या शनिवारी चौथ्या डावात तुम्ही पाण्याच्या बाजूने का आलात? डोंगराकडून जवळ पडलं असतं ना?'"

आम्रपालीची बोटं थांबली. डाव चालू होता, तिला मागून कुणीतरी गोळी घातली, ती मेली; तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पुठ्ठा काढला, ओळ स्वतः वाचली, पुन्हा वाचली. मग कॅमेऱ्याकडे बघून सांगायला लागली. डोंगराकडून का नाही. तिथे उभं राहिलं की पाठ कशी उघडी पडते. ते चौघे कुठे कुठे असणार हे तिला पाण्याच्या आवाजावरून कसं कळलं. आतल्या खोलीत जाऊन तिने वही आणली आणि तो लाल-निळा नकाशा कॅमेऱ्यासमोर धरला.

मधेच एक नवं नाव आलं. *कंडक्टर म्हातारी मेली वाटतं. आता पोरीला कोण वाचवणार.* सुंदराबाईंना तीन उत्तरं एकदम सुचली, तिन्ही एकापेक्षा एक. त्यांनी त्याला बोटाने खाली उतरवलं, एक अक्षर न लिहिता. कुणी हसलं नाही. कुणाला कळलंही नाही. आम्रपाली बोलत होती.